पाचव्या दिवसाचं पाणी

बीओडीची, म्हणजे सांडपाण्यातली घाण मोजायच्या चाचणीची, बाटली भरायला हात बसावा लागतो. तीनशे मिलीलिटरची काचेची बाटली, उतरते खांदे, घासून बसवलेलं काचेचं बूच आणि त्या बुचाचं खालचं टोक तिरकं. नळी तळाशी टेकवून पाणी हळूहळू वर चढू द्यायचं, खळखळ होऊ द्यायची नाही. काठोकाठ भरलं की बूच अलगद सोडायचं, म्हणजे तिरक्या टोकावरून उरलीसुरली हवा निसटून जाते. मग बाटली उलटी धरून उजेडात बघायची. आत टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा दिसला तरी ती बाटली बाद. हे सगळं जमलं की तोंडाभोवतीच्या वाटीत थोडं पाणी ओतायचं, बाटल्या २० अंशांच्या अंधाऱ्या इन्क्युबेटरमध्ये रांगेनं लावायच्या आणि दार बंद करायचं. ते दार पाचव्या दिवशी उघडायचं.

या पाच दिवसांच्या हिशेबात माझं निम्मं आयुष्य गेलं. सोमवारी बीओडी लावला की शनिवारी लॅबला यावंच लागतं. मंगळवारी लावला की रविवार गेला. घरातल्यांनाही आता हे पाठ झालं आहे. कुठे जायचं ठरलं की ते आधी विचारतात, बाटल्या कधी काढायच्या आहेत?

सांडपाण्यात कुजण्याजोगं जे काही असतं ते जिवाणू खातात, आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. पहिल्या दिवशी ऑक्सिजन किती होता आणि पाचव्या दिवशी किती उरला, ही वजाबाकी म्हणजे बीओडी, बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड. घाण मोजायची ही उलटी रीत मला सुरुवातीला फार विलक्षण वाटली होती, अजूनही वाटते. घाण काय आहे हे कुणी विचारतच नाही. ती संपवायला किती श्वास लागला एवढंच विचारायचं. मैलापाणी सोडलेल्या नदीत मासे मरतात ते बहुतेक वेळा गुदमरून. त्यांच्या वाटचा ऑक्सिजन घाण खाणाऱ्या जिवाणूंनी आधीच संपवलेला असतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि कच्च्या मैलापाण्याची भूक सहज दोनशे-तीनशे मिलिग्रॅमची असते. म्हणून बाटलीत ते खूप पातळ करून घालावं लागतं, नाहीतर पाचव्या दिवशी मोजायला काही उरतच नाही.

पाचच दिवस का? ब्रिटनमध्ये १८९८ साली सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी एक शाही आयोग नेमला गेला. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालात ही चाचणी आणि तिच्याबरोबर नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादाही आली: बीओडी २०, तरंगते घन पदार्थ ३०, दोन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये. तिथल्या कुठल्याही नदीचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, म्हणून पाच दिवस, असं कारण पाठ्यपुस्तकांत दिलेलं असतं. म्हणजे एका बेटावरच्या आखूड नद्यांची चाल आज जगभरच्या लॅबमधल्या घड्याळात बसली आहे. घरगुती मैलापाण्याची दोन तृतीयांशाच्या आसपास भूक या पाच दिवसांत भागते. उरलेली पुढे कित्येक दिवस चालू राहते, पण तेवढं थांबायला कुणाला सवड नसते.

विद्यार्थी असताना मी पहिल्यांदा एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून नमुने आणले, पाच दिवस वाट पाहिली, आकडे नीट लिहून काढले आणि कागद घेऊन केंद्रावर गेले. तिथे पाळीवर एक वयस्कर ऑपरेटर काका होते. त्यांनी कागद हातात घेतला, वरची तारीख वाचली आणि परत दिला. म्हणाले, "ताई, हे पाणी तर केव्हाच गेलं."

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. खरं होतं ते फक्त सांगितलं. पण परतीच्या वाटेवर मला दुसरं काही सुचेना. टाकीतून निघालेलं पाणी काही तासांत नदीत जातं, आणि त्याच्याबद्दलचं आमचं ज्ञान पाच दिवसांनी येतं. पिण्याच्या पाण्यातले जिवाणू तपासायचे तर त्यांचं खाद्य घातलेल्या प्लेटवर नमुना घेऊन ती चोवीस तास उबवावी लागते. ज्या नळाचा नमुना असतो, त्या नळाचं पाणी तेवढ्या वेळात घरातल्या सगळ्यांनी पिऊन झालेलं असतं. वरातीमागून घोडं म्हणतात तसंच हे. मग आपण नेमकं कशासाठी तपासतो? हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. पाण्याच्या संशोधनाचा इतिहास मी वाचत गेले तो याच प्रश्नाच्या ओढीनं.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध किस्साही उशिराचाच आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकी पसरली आणि दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. जॉन स्नो या डॉक्टरनं मृत्यूंचे पत्ते गोळा केले, ते एका हातपंपाभोवती दाटलेले दिसले, आणि त्याच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. गोष्ट बहुधा इथेच टाळ्या घेऊन संपते. पण साथ त्याआधीच ओसरू लागली होती, आणि हे स्नोनं स्वतःच लिहून ठेवलं आहे. बैल गेला नि झोपा केला, असं म्हणायला जागा होती आणि त्या वेळी त्याचं म्हणणं पुष्कळांना पटलंही नाही.

मला या गोष्टीतला दुसरा माणूस जास्त जवळचा वाटतो. हेन्री व्हाइटहेड हा त्याच भागातला तरुण धर्मोपदेशक. स्नो चुकतो आहे हे दाखवायला तो निघाला होता. तो घराघरांत जात असे, माणसं त्याला ओळखत असत, त्यामुळे दुःखात बुडालेल्या घरातही त्याला उंबऱ्यावर थांबवलं जात नसे. एकेका घरात तो चार-चार, पाच-पाच वेळा गेला, आणि विचारत विचारत त्याचंच मत फिरलं. शेवटी त्याला ४० नंबरच्या घरातलं एक तान्हं बाळ सापडलं, साथ भडकण्याच्या जरा आधी आजारी पडलेलं. आईनं त्याची दुपटी धुतलेलं पाणी घरासमोरच्या मैलाखड्यात ओतलं होतं. १८५५ मध्ये तिथे खणलं तेव्हा खड्ड्याच्या विटा ढिल्या झालेल्या होत्या, आणि विहीर तिथून तीन फुटांच्या आत होती. त्याआधी विहीर उघडून पाहिली होती तेव्हा तिच्यात काहीच वावगं आढळलं नव्हतं.

विहिरीत वरून डोकावून जे दिसलं नाही ते एका आईला विचारल्यावर सापडलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी स्नोचा नकाशा दाखवतेच, पण व्हाइटहेडच्या फेऱ्यांबद्दल जास्त वेळ बोलते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. नव्यानं नोकरीला लागले होते तेव्हाची. एका वसतिगृहातली बरीच मुलं एकदम आजारी पडली. पोट बिघडलेलं, ताप. तिथल्या टाकीच्या पाण्याचा नमुना मी घ्यायचा होता. घाईत मी निर्जंतुक केलेली साधी बाटली उचलली, नमुना घेतला, दोन-तीन तासांचा प्रवास करून लॅबमध्ये आले आणि प्लेटा लावल्या. दुसऱ्या दिवशी प्लेटा कोऱ्या. मी शून्य लिहून दिलं.

क्लोरीन घातलेल्या पाण्याचा नमुना घ्यायच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेटचे थोडे थेंब घालून ठेवायचे असतात. बाटलीत पाणी पडताक्षणी ते उरलेल्या क्लोरीनला निकामी करतं. नाहीतर क्लोरीन बाटलीतही आपलं काम चालूच ठेवतो, आणि नळाशी जिवंत असलेले जिवाणू लॅबपर्यंतच्या वाटेवर मरून जातात. मी जाण्याच्या थोडंच आधी कुणीतरी काळजीपोटी टाकीत ब्लीचिंग पावडर ओतली होती. माझी प्लेट कोरी निघाली ती त्या पाण्यामुळे, की माझ्या बाटलीत दोन-तीन तास मुरलेल्या क्लोरीनमुळे, हे सांगायला माझ्याकडे काहीही नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं रात्री, घरी. पहाटे उठून पुन्हा गेले, या वेळी थायोसल्फेटच्या बाटल्या घेऊन. टाकीबरोबर टाकीकडे येणाऱ्या पाइपाच्या वाटेवरचेही नमुने घेतले. चोवीस तासांनी त्या वाटेवरच्या प्लेटांवर धातूसारखी हिरवट चमक असलेल्या वसाहती उगवल्या होत्या, विष्ठेतल्या जिवाणूंची ती खूण. एका जागी पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन शेजारून जात होती, आणि तिथला जोड गळत होता.

मधला एक दिवस त्या मुलांनी माझ्या शून्याच्या भरवशावर काढला. त्यानंतर कुणाला आणखी काही झालं नाही, पण म्हणून तो दिवस माझ्या हिशेबातून वजा होत नाही. तेव्हापासून नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी मी दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही, किंवा लिहू दिली तर शेजारी उभी राहते. जागा, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, उरलेला क्लोरीन, बाटलीत आधी काय घातलं होतं. नमुना म्हणजे पाण्यानं दिलेली साक्ष, आणि साक्षीदाराला लॅबपर्यंत जिवंत आणणं हे आपलं पहिलं काम.

कोरी प्लेट निदान प्लेट तरी असते. त्याहून भयंकर असतो तो न लावलेल्या चाचणीचा कोरा रकाना. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून लाखो नलिका विहिरी खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता. तळ्यांचं, ओढ्यांचं पाणी पिऊन मुलं हगवणीनं मरत होती आणि जमिनीखालचं पाणी जंतूंच्या बाबतीत कितीतरी सुरक्षित होतं. पण त्या पाण्यात आर्सेनिक होतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि जी तपासणी तेव्हा रूढ होती तिच्या यादीत आर्सेनिक नव्हतंच. पलीकडे पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांसमोर तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी आणि अंगावर ठिपके उठलेले रुग्ण येऊ लागले. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती १९८८ पासून गावोगाव फिरून विहिरींचं पाणी तपासत राहिले. बांगलादेशातल्या विहिरींमधलं आर्सेनिक १९९३ मध्ये नक्की झालं. तोवर एक अख्खी पिढी ते पाणी पीत मोठी झाली होती.

पुढे विहिरी तपासून त्यांची तोंडं रंगवली गेली. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवी म्हणजे चालेल. वर्षानुवर्षांच्या रसायनशास्त्राचा निकाल शेवटी दोन रंगांत सांगितला गेला आणि तो कुणाच्याही लक्षात येण्यासारखा होता. बऱ्याच ठिकाणी लाल विहिरीपासून हिरवी विहीर चालत जाण्याच्या अंतरावर होती. लोकांनी आपली विहीर सोडून शेजाऱ्याच्या विहिरीवर जायला सुरुवात केली. तेवढ्यानंही त्यांच्या शरीरातलं आर्सेनिक कमी झालेलं पुढच्या अभ्यासांत दिसलं.

"आढळलं नाही" आणि "तपासलं नाही" हे दोन शेरे अहवालात शेजारी-शेजारी येतात, आणि घाईत वाचणाऱ्याला सारखेच दिसतात. माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक अहवालात मी दुसरा शेरा ठळक करायला लावते. काही जणांना ते आवडत नाही. त्यांना वाटतं, अहवाल अपुरा दिसतो. तो अपुरा असतोच. मग तो तसा दिसायला हवा.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्ट तर नमुना कसा घ्यायचा याचीच गोष्ट आहे. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराचं पाणी बदलून नदीचं घेतलं गेलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे घालतात ते घातलं गेलं नाही. जुन्या जोडण्यांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. लोक तपकिरी पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन सभांना येत होते, अंगावर उठलेले चट्टे दाखवत होते, आणि पाणी ठीक आहे असं त्यांना सांगितलं जात होतं. शिशाचा नमुना घ्यायची एक खुबी आहे. पाणी पाइपात निदान सहा तास निवांत उभं राहिलेलं हवं, आणि पहिली धार बाटलीत पडायला हवी. आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवला तर साठलेलं शिसं वाहून जातं आणि सकाळचा आकडा कमी येतो. तिथल्या अधिकृत नमुन्यांसाठी नेमकी अशीच सूचना दिली जात होती.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांच्या गटानं २०१५ च्या ऑगस्टमध्ये तीनशे संच फ्लिंटला पाठवले. प्रत्येक संचात तीन बाटल्या: पहिली धार, मग पंचेचाळीस सेकंद नळ सोडून, मग दोन मिनिटं सोडून. नमुने लोकांनी स्वतः घेतले. पहाटे उठून, घरात कुणी नळ उघडायच्या आत. अडीचशेहून अधिक घरांतल्या बाटल्या भरून परत आल्या. मी हे वाचलं तेव्हा थक्क झाले, कारण लोकांना संच वाटून त्यातले किती परत येतात याचा मला अनुभव आहे. त्याआधी एका घरातल्या, या गटानं तपासलेल्या एका नमुन्यात शिसं १३,२०० पीपीबी (अब्ज भागांत इतके भाग) निघालं होतं. तिकडे १५ पीपीबीच्या वर गेलं की कारवाई अपेक्षित असते, आणि ५,००० ओलांडलं की त्या पाण्याला घातक कचरा म्हणतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराचं पाणी पुन्हा बदललं गेलं. दीड वर्ष गेलं होतं.

फ्लिंटच्या आयांना पाण्याबद्दल विद्यापीठानं नवं काही सांगितलं नाही. नळाला काय येतंय ते त्या रोज बघत होत्या. विद्यापीठानं त्यांना बाटल्या दिल्या, नमुना घ्यायची बिनचूक रीत दिली, आणि कुणी फेटाळू शकणार नाही असा आकडा दिला. व्हाइटहेडच्या बाबतीत हेच, बंगालमधल्या त्वचेच्या डॉक्टरांच्या बाबतीतही हेच. पाण्याच्या सगळ्यात जवळचा माणूस आधी ओळखतो. आपण मागाहून जातो आणि त्याचं ओळखणं पुराव्याला लावतो. माझ्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला कधी मिळालं असेल तर इतकंच मिळालं.

याच धाटणीची अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची एक हकिकत आहे. शहरातल्या ओढ्यांत अंडी घालायला परतणारे कोहो जातीचे सॅमन मासे पाऊस पडला की तडफडून मरत. ओढ्याकाठची माणसं हे वर्षानुवर्षं पाहत होती. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी टायरच्या रबराचा अर्क काढला. त्यात दोन हजारांवर रसायनं होती. ते अर्काचे भाग करत गेले, प्रत्येक भागात मासे मरतात का हे पाहत गेले, आणि अखेर एकाच रसायनाशी येऊन थांबले. टायर तडकू नये म्हणून रबरात जे घालतात त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन ते तयार होत होतं. तोवर ते कुणाच्याच यादीत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये हे छापून आलं.

सांडपाण्यावर काम करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट अशी केली आहे, की तिथे आपण उशिरा पोचत नाही. पोलिओचा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो, आणि त्याची लागण झालेल्या शेकडो मुलांपैकी एखाद्यालाच लुळेपणा येतो. म्हणजे पहिलं लुळं मूल दवाखान्यात येतं तोवर विषाणू गटारातून कितीतरी दिवस वाहत असतो. २०१३ मध्ये इस्रायलच्या दक्षिणेत सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा मूळ विषाणू सापडला. एकही मूल लुळं झालेलं नव्हतं. लहान मुलांना तोंडावाटे लस द्यायची मोठी मोहीम घेतली गेली, आणि त्या साथीत एकही मूल लुळं झालं नाही. कोरोनाच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, अॅरिझोना विद्यापीठानं आपल्याच एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू पकडला. मग तिथल्या ३११ जणांची तपासणी केली. दोघांना लागण झालेली निघाली आणि दोघांनाही कसलीच लक्षणं नव्हती.

वसतिगृह हा शब्द वाचला आणि मला माझी ती कोरी प्लेट आठवली. तिथे मी आजारी मुलांच्या मागून पोचले होते. इथे गटारानं आजारी पडण्याआधी सांगितलं. ज्या पाण्याकडे बघताना नाकाला रुमाल लावतात, ते पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षा आधी बोलतं, हे मला फार आधार देणारं वाटतं. एक काळजीही वाटते. एका शहराचं सांडपाणी तपासणं वेगळं आणि एका इमारतीचं वेगळं. पाइप जितका लहान, तितकं त्यातून एकेका माणसापर्यंत पोचणं सोपं. कुणी काय औषध घेतं, कुणाला काय व्यसन आहे, हेही पाण्यात उतरतं. कुठल्या मॅनहोलपर्यंत मागे जायचं हे त्या इमारतीत राहणाऱ्यांना विचारून ठरायला हवं.

प्रक्रिया केंद्राकडे परत येते, कारण मला खरी माया तिथल्या गाळाची आहे. १९१४ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी एक निबंध वाचला. तिथल्या विद्यापीठाचे गिल्बर्ट फाउलर यांच्या सुचवण्यावरून त्यांनी मैलापाणी बाटल्यांत भरून त्यात हवा सोडून पाहिली होती. पाणी पूर्ण निवळायला पाच आठवडे लागले. एवढा वेळ कुठल्या शहराला परवडणार? पण त्यांनी एक केलं. वरचं निवळ पाणी काढून घेतलं, तळाशी बसलेला गाळ तसाच ठेवला आणि त्यावर ताजं मैलापाणी ओतलं. या खेपेला वेळ कमी लागला. पुन्हा तेच केलं, आणखी कमी. असं करत पाच आठवड्यांचं काम चोवीस तासांच्या आत आलं. त्या तपकिरी गाळात मैल्यावर जगायला शिकलेले जीव होते, आणि तो टाकून दिला की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आजही जगातली बहुतेक मोठी केंद्रं याच युक्तीवर चालतात. गाळ परत टाकीत फिरवायचा. हे फाउलर पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले.

या गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकदा तरी बघावा. गाळ चांगला असेल तर त्यात घंटेच्या आकाराचे जीव लांब देठांवर डोलताना दिसतात. व्हॉर्टिसेला. घंटेच्या तोंडाभोवती केसांची झालर सतत फिरत असते आणि त्या भोवऱ्यात सुटे जिवाणू ओढले जातात. काचेला जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखं गुंडाळलं जातं, घंटा खाली येते, आणि मग हळूच, धोका टळला का बघत असल्यासारखी, पुन्हा वर उलगडते. मी एवढी वर्षं बघते आहे, तरी ती उलगडेपर्यंत डोळा काढवत नाही.

केंद्रावरच्या त्या ऑपरेटर काकांना सूक्ष्मदर्शक लागत नसे. चोवीस तासांचे नमुने घ्यायचे म्हणून मी एकदा रात्रभर केंद्रावर होते, दर तासाला एक बाटली. दोनच्या सुमारास ते एरेशन टँकच्या, म्हणजे हवा सोडायच्या टाकीच्या, कठड्याशी उभे राहिले, वाकून वास घेतला आणि थांबले. एरवी टाकीला ओल्या मातीसारखा वास असतो. त्यांनी एक लिटरच्या नळकांड्यात गाळ भरून कठड्यावर ठेवला आणि घड्याळात पाहिलं. अर्ध्या तासात चांगला गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. या वेळी तो मध्येच फुगून राहिला होता, वरचं पाणी गढूळ.

"वरून काहीतरी सोडलंय कुणीतरी," ते म्हणाले. "ताई, तुमचा आकडा या वेळी वाढून येणार."

मी बाटलीवर वेळ लिहिली, बर्फात ठेवली. सकाळी लॅबमध्ये येऊन बीओडी लावला आणि पाच दिवस थांबले.

पाचव्या दिवशी मी बाटल्या काढल्या. आता ऑक्सिजन मोजायला प्रोब आहेत, बुडवला की आकडा दिसतो, पण तेव्हा आमच्याकडे विंकलरचीच पद्धत होती. लाजोस विंकलरनं १८८८ मध्ये बुडापेस्टला डॉक्टरेटसाठी ती बसवली. बाटलीत मँगेनीज सल्फेट सोडायचं, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. मग अल्कली आयोडाइड. बूच लावून बाटली उलटीसुलटी केली की आत एक ढग तयार होतो. ऑक्सिजन असेल तर तपकिरी, नसेल तर दुधासारखा पांढरा. रात्रीच्या दहा वाजताच्या बाटलीतला ढग तपकिरी होता. बाराचा जरा फिका. दोनची बाटली मी तीन वेळा उलटीसुलटी केली. ढग खाली बसू दिला, पुन्हा हलवली. तो पांढराच राहिला. आत काहीच उरलं नव्हतं. जास्त पातळ केलेली जोडीची बाटली होती म्हणून बरं. तिच्यात अॅसिड घातलं, पाणी सोनेरी झालं, ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत गेले. गवतासारखा फिका पिवळा आला तेव्हा स्टार्च, मग ते गडद निळं, आणि मग एकेक थेंब. एका थेंबाला सगळा निळा रंग गेला. आकडा एरवीच्या तिपटीहून जास्त होता.

मी काकांना फोन केला. आकडा सांगितला.

"हां," ते म्हणाले. "त्याच रात्री हवा वाढवली होती मी, गाळही जास्त फिरवला. दोन दिवसांत सावरली टाकी."

मला वाटलं, मग आता काय राहिलं. मी तसं म्हणालेही, की काका, तुम्हाला तर तेव्हाच कळलं होतं, माझं पाणी पुन्हा केव्हाच गेलं.

"असं कसं?" ते म्हणाले. "मी वर सांगितलं ना, की कुणीतरी रात्रीचं काहीतरी सोडतंय. ते म्हणतात पुरावा काय. माझं नाक काय फायलीत लावता येतं? तुम्ही लिहून द्या, ताई. आकडा द्या आणि वेळ घाला त्याच्यावर. रात्रीचे दोन."

मी कोरा कागद घेतला आणि आधी वेळ लिहिली.